हरिश्चंद्रगडाचें धुकें आणि हलका कॅमेरा

भाद्रपद सरत आला कीं सह्याद्रीची हांक ऐकूं येते, हें आमच्या वाचकांपैकीं ज्यांनीं एकदां तरी पावसाळ्याअखेरचा डोंगर पाहिला आहे त्यांस सांगावयास नको. परंतु त्या हांकेस ओ देतांना पाठीवर काय घ्यावें आणि काय घरीं ठेवावें, हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाहीं. गेल्या दोन वर्षांत आमच्या घरांत या प्रश्नाचा बराच ऊहापोह झाला, व त्याचा शेवट एका लहानशा कॅमेऱ्याच्या खरेदींत झाला. तो सर्व वृत्तांत येथें देण्याचें योजिलें आहे. ज्या घरीं असाच विचार चालला असेल तेथें तो उपयोगी पडेल अशी आशा आहे.

दोन वर्षांपूर्वीं आश्विनाच्या आरंभीं आम्ही घरचीं पांच माणसें हरिश्चंद्रगडावर गेलों होतों. हा गड अहिल्यानगर जिल्ह्यांतील अकोले तालुक्यांत, माळशेज घाटाच्या अंगास आहे. उंची चौदाशे मीटरांच्या वर. चढण्याच्या वाटा अनेक. त्यांत सोपी ती पाचनईची. पण आम्हीं पुण्याहून आळेफाटा व खुबीफाटा करून खिरेश्वर गांठलें आणि टोलारखिंडीची वाट धरिली. खिंडीवरून पुढें उघडा कातळ लागतो. तेथें लोखंडी कठडे बसविलेले आहेत. तथापि ओल्या कातळावर दोन्ही हात मोकळे असलेलेच बरे. आमच्या गळ्यांत घरचा जुना, आरशाचा, अवजड कॅमेरा लोंबत होता. त्यानें झोका घेतला व तो कातळावर आपटला. त्यास सांवरावयास म्हणून एक हात कठड्यावरून सुटला आणि त्याच क्षणीं पाय निसटला. खालून येणाऱ्या पुतण्यानें पाठीस हात लावला म्हणून निभावलें. नाहीं तर हा लेख लिहिण्याचा प्रसंग आला नसता. पुढील सर्व वाटेंत कोणीच फारसें बोललें नाहीं. कॅमेरा प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळून पाठपिशवीच्या तळाशीं गेला.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्ही कोंकणकड्यावर उभे होतों. हा कडा नुसता तुटलेला नाहीं. नागानें फणा काढावा तसा तो आंत वळलेला आहे, आणि खालीं कोंकणची भूमि एकदम पसरलेली दिसते. त्या सकाळीं मात्र खालीं धुक्याचा समुद्र भरला होता. पाठीमागून सूर्य वर आला, आणि समोरच्या धुक्यावर आमच्या सांवल्या पडून त्यांभोंवतीं रंगांचें एक पूर्ण वर्तुळ उमटलें. हेंच तें इंद्रवज्र. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्यानें येथील या वर्तुळाकार इंद्रधनुष्याचें वर्णन केल्यास, म्हणजे १८३५ सालापासून, आतां दोनशें वर्षें होत आलीं. सूर्य पाठीशीं, धुकें समोर व खालीं, आणि पाहणारा कड्याच्या कांठावर, असा योग जुळला तरच तें दिसतें. आम्हांस तें चार-पांच मिनिटें दिसलें. पिशवी उपसून, गांठी सोडून कॅमेरा बाहेर येईपर्यंत धुकें वर चढलें व सर्व पांढरें झालें.

घरीं आलों तों तात्या ओसरीवर वाट पाहत बसले होते. तात्या आमचे थोरले चुलते, वय एकुणऐंशीं. तरुणपणीं ते या गडावर तीन वेळां गेले, देवळाजवळच्या गुहेंत राहिले, आणि तीनहि वेळां कड्यावर पहांटेपासून ताटकळूनहि त्यांस इंद्रवज्र दिसलें नाहीं. आतां गुडघ्यांनीं जिना चढणेंहि सोडून दिलें आहे. त्यांनीं आम्हांस पहिलाच प्रश्न केला, “काय रे, दिसलें का?” दिसलें म्हणून सांगतांच त्यांनीं चष्मा पुसला आणि म्हणाले, “दाखवा पाहूं.” आमच्यापाशीं दाखवावयास कांहीं नव्हतें. त्यांनीं पुन्हां कधीं तो विषय काढला नाहीं. आणि म्हणूनच तो आमच्या मनांतून गेला नाहीं.

दिवाळीनंतर घरांत विचार सुरू झाला. धाकट्या मंडळींचें म्हणणें कीं खिशांत फोन असतां वेगळा कॅमेरा हवाच कशास? हें म्हणणें अगदींच टाकाऊ नाहीं. ज्यांस सहलीची आठवण म्हणून चार चित्रें हवीं त्यांस फोन पुरेसा आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे. परंतु पावसांत ओल्या कांचेवर ओलें बोट नीट चालत नाहीं. दूरचें पांखरूं किंवा समोरचें शिखर जवळ आणूं गेलें तर चित्र विरतें. आणि मुख्य म्हणजे रानांत अडचण आली तर मदतीसाठीं हांक मारण्याचें साधन तेंच. त्याची विजेरी चित्रें काढण्यांत संपवावी हें शहाणपणाचें नाहीं. हा शेवटचा मुद्दा आमच्या वहिनींचा. तो सर्वांस पटला.

मग हलका कॅमेरा कोणता, हा प्रश्न. येथें थोडें यंत्रशास्त्र सांगणें अवश्य आहे. जुन्या पद्धतीच्या कॅमेऱ्यांत भिंगांतून आलेला प्रकाश एका तिरप्या आरशावरून वर वळवून नेत्रिकेंत आणावा लागे. आरशास उचलण्यापुरती जागा हवी, म्हणून भिंगाची बैठक व मागील चित्रग्राहक पट्टी यांत मोठें अंतर ठेवणें भाग होतें. निकॉनच्या जुन्या बैठकींत हें अंतर ४६.५ मिलिमीटर होतें. त्याच कारखान्याच्या आरसाविरहित बैठकींत तें १६ मिलिमीटर आहे. आरसा व त्यावरील कांचेचा लोलक निघाला कीं यंत्राची जाडी व वजन दोन्ही घटतात. २००८ सालीं ऑलिंपस व पॅनासॉनिक या दोन जपानी कंपन्यांनीं या पद्धतीची ‘मायक्रो फोर थर्ड्‌स’ ही योजना जाहीर केली, व त्याच वर्षीं तसा पहिला कॅमेरा निघाला.

डोंगरासाठीं हलकें यंत्र हवें ही ओढ मात्र याहून जुनी आहे. काचेच्या पट्ट्यांच्या काळीं हिमालयाचीं चित्रें घेणाऱ्यांस हमालांचा तांडाच बरोबर न्यावा लागे. पुढें जर्मनीमध्यें लायका कॅमेऱ्याचा जनक ऑस्कर बार्नाक यास दम्याचा विकार होता. जड पेटी घेऊन डोंगर चढवेना, म्हणून त्यानें खिशांत मावेल असें यंत्र मनांत आणलें, असें सांगतात. तें यंत्र १९२५ सालीं बाजारांत आलें. ज्यास धाप लागते त्यासच हलकेपणाचें मोल कळतें, हेंच खरें.

आतां चित्रग्राहक पट्टीचें आकारमान. पूर्ण आकाराची पट्टी ३६ बाय २४ मिलिमीटर असते. मायक्रो फोर थर्ड्‌सची १७.३ बाय १३, म्हणजे क्षेत्रफळानें सुमारें चौथाई. पट्टी मोठी तर अंधारांत चित्र अधिक स्वच्छ, हें निर्विवाद. ज्यांस गडावर रात्रीं ताऱ्यांचीं चित्रें घ्यावयाचीं आहेत त्यांनीं मोठ्या पट्टीचाच विचार करावा. परंतु मोठ्या पट्टीस भिंगेंहि मोठीं लागतात, आणि पाठीवर जें वजन येतें त्यांत भिंगांचा वांटा मोठा असतो. नुसत्या अंगाचें वजन पाहून खरेदी करणारा येथेंच फसतो.

आमच्या घरीं हा निवाडा स्वयंपाकघरांतील तराजूवर झाला. जुना कॅमेरा भिंगासह दीड किलो भरला. मग भाड्यानें मिळणारे दोन-तीन कॅमेरे एकेक रविवार आणून, सिंहगडावर नेऊन, परत आल्यावर त्याच तराजूवर घातले. शेवटीं पसंत पडला तो २०२२ सालीं निघालेला ‘ओएम-५’. विजेरीसह ४१४ ग्रॅम, आणि त्यास जोडावयाचें १२ ते ४५ मिलिमीटरचें भिंग २५४ ग्रॅम. दोन्ही मिळून पाऊण किलोच्या आंत. त्याच्या अंगास ‘आयपी ५३’ हा अंक आहे. पहिला आंकडा धुळीचा व दुसरा पाण्याचा. तीन म्हणजे वरून व तिरकस येणारे तुषार सोसतील, पाण्यांत बुडविणें नव्हे. भिंगहि तसेंच बंदिस्त असावें लागतें, हें विसरूं नये. यंत्र आम्हीं नवें न घेतां जपून वापरलेलें घेतलें. घराच्या गच्चीची दुरुस्ती त्याच वर्षीं काढावयाची होती, आणि संसारांत एका हौसेनें दुसऱ्या गरजेचा घांस घेऊं नये, असा तात्यांचाच दंडक आहे.

दोन दोष सांगितले पाहिजेत. नेत्रिकेंत दिसणारें चित्र विजेवर चालतें, म्हणून विजेरी लवकर उतरते; दोन राखीव विजेऱ्या सदऱ्याच्या आंतल्या खिशांत, अंगाच्या उबेस ठेवाव्या. आणि आपल्याकडील पावसाळी हवेंत भिंगास बुरशी धरते. घरीं आल्यावर यंत्र चामड्याच्या पिशवींत कोंडूं नये, घट्ट झांकणाच्या डब्यांत ओल शोषणाऱ्या पुड्यांसह ठेवावें.

गेल्या आश्विनांत आम्ही पुन्हां त्याच वाटेनें गडावर गेलों. कॅमेरा छातीशीं लहान पिशवींत, पट्ट्यानें आंवळलेला. टोलारखिंडीवरील कातळ दोन्ही हातांनीं चढलों. देवळाचें कोरीव शिखर, केदारेश्वराच्या गुहेंतील बर्फासारख्या पाण्यांत उभें असलेलें प्रचंड शिवलिंग, त्याभोंवतींच्या चार खांबांपैकीं शाबूत राहिलेला एकुलता एक खांब, सर्व टिपलें. पहांटे कड्यावर जाऊन बसलों. सहा वाजले, आठ वाजले, दहा वाजले. धुकें हाललें नाहीं. सूर्य उगवला असेल अशी केवळ समजूत करून घ्यावी लागली.

निघण्यापूर्वीं त्या धुक्याचेंच एक चित्र घेतलें. येथें एक सूचना: धुकें समोर असतां यंत्र आपण होऊन त्यास राखी करून टाकतें; प्रकाश एका पायरीनें वाढवावा लागतो. आरसाविरहित कॅमेऱ्यांत हा फरक नेत्रिकेंत तेव्हांच दिसतो, ही त्याची मोठी सोय. प्रकाश वाढवितांच राखेचें दूध झालें. मधें कड्याचा काळा कांठ, त्यावर बसलेला पुतण्या, आणि पुढें कांहीं नाहीं.

घरीं तात्यांपुढें चित्रें ठेवलीं तेव्हां मन खट्टू होतें. देऊळ त्यांनीं कौतुकानें पाहिलें. गुहा ओळखून “या कोपऱ्यांत चूल मांडली होती आम्हीं” म्हणून बोट ठेविलें. मग धुक्याचें चित्र आलें. आम्ही घाईनें म्हणालों, “तात्या, या खेपेस दिसलें नाहीं.” ते बराच वेळ त्या पांढऱ्या चित्राकडे पाहत राहिले, आणि म्हणाले, “अरे, मी तिन्ही वेळां पाहिलें तें हेंच.”

तें चित्र आतां त्यांच्या उशाशीं लावलें आहे. पाहुणे विचारतात, हें कशाचें चित्र? तात्या सांगतात, “हरिश्चंद्रगडाचें. नीट पाहा.”