ओवाळणीत काय दिलं?

‘काही नाही रे, एसीमुळे घसा धरलाय!’ ऑफिसात हे वाक्य आपण सगळेच ठोकून देतो. मीही ठोकलं होतं, 4 ऑगस्ट 2009ला.

आदल्याच दिवशी पुण्यात स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी घेतला होता. निम्मं पुणं तोंडाला रुमाल बांधून फिरत होतं. मीसुद्धा! पण संध्याकाळी शिवाजीनगरहून नगरची (आताच्या अहिल्यानगरची) एसटी पकडली, पावसामुळे खिडक्या बंद झाल्या आणि शिरूर यायच्या आत रुमाल खिशात गेला. दुसऱ्या दिवशी राखीपौर्णिमा. ताई बाळंतपणाला माहेरी आलेली, सातवा महिना. मला ताप नव्हता. मग जायला काय हरकत?

ताईने ओवाळलं, पेढा भरवला. उरलेला अर्धा स्वतः खाल्ला. रात्री मला ताप भरला. शनिवारी तिला.

‘पावसात भिजला असेल,’ आई म्हणाली. डॉक्टरांनी मान हलवली. फ्लू पावसातून येत नाही, माणसातून येतो. लक्षणं दिसायच्या आदल्या दिवसापासूनच विषाणू बाहेर पडायला लागतात आणि पुढे पाच-सात दिवस पडत राहतात. शिंकताना, खोकताना, अगदी बोलतानाही. बंद खोलीत बारीक थेंब हवेत तरंगतात. नाक पुसलेला हात कडीला लागतो, तिथून दुसऱ्याच्या हाताला आणि मग डोळ्याला. साध्या सर्दीच्याही वाटा याच. पण गरोदर बाईला फ्लू म्हणजे नुसती सर्दी नव्हे, थेट फुप्फुसांवर बेतू शकतं.

गोळ्या लगेच सुरू झाल्या. चार रात्री मी तिच्या खोलीबाहेर बसून तिचा खोकला ऐकत होतो. कुणी कुणाला दिला, हे कुठल्याच रिपोर्टात लिहिलेलं नसतं. पण घरात माझ्याआधी कुणीच आजारी नव्हतं...

ताई सावरली. त्या वर्षीची भाची आता माझ्याएवढी उंच झालीय. फ्लूचा विषाणू रूप बदलत राहतो, म्हणून मी दरवर्षी लस घेतो. आणि घसा नुसता खवखवला तरी नगरची गाडी पकडत नाही. मध्ये एकदा राखीलाच घसा धरला, तेव्हा ताईने फोनच्या स्क्रीनलाच ओवाळलं.

‘ओवाळणी?’ मी विचारलं.

‘आला नाहीस ना? तीच,’ ती म्हणाली.