संवाहकाचे हात

शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’त संवाहक नावाचे एक पात्र आहे. पाटलिपुत्रातील एका गृहस्थाचा हा मुलगा उज्जयिनीस येतो आणि चारुदत्ताकडे अंगमर्दनाच्या चाकरीस राहतो. वसंतसेना त्याच्या कलेची वाखाणणी करते; पण हौसेने शिकलेली विद्या आता केवळ पोटाचे साधन उरली आहे, ही खंत त्याच्या उत्तरातून जाणवते. चौसष्ट कलांत संवाहनाची गणना करणाऱ्या समाजाने संवाहकाला मात्र चाकराच्या पायरीवरच ठेवले. आयुर्वेदाने अभ्यंगाला दिनचर्येत स्थान दिले. मराठी घरांत बाळ-बाळंतिणीला न्हाऊमाखू घालणाऱ्या बाईवाचून सव्वा महिना पार पडत नसे. तरीही ‘तेलमालीशवाला’ हा शब्द भाषेत हलकाच राहिला.

हा विरोध आज चेन्नईत विशेष ठळकपणे दिसतो. ही सिद्धवैद्यकाची भूमी. ‘तोक्कणम्’ म्हणजे मर्दन आणि ‘वर्मम्’ म्हणजे मर्मस्थानांवरील उपचार, या दोहोंना त्या वैद्यकात मोठा मान आहे. मराठीतील ‘वर्मी लागणे’ या प्रयोगावरून वर्माचा अर्थ सहज उमगतो. परंपरेने ही स्थाने १०८ मानली. ज्या जागी दाबल्याने वेदना शमते, तेथेच आघात झाला तर इजा होते; म्हणून गुरू ही विद्या पारखलेल्या शिष्यालाच देत. २००५ साली तांबरम येथे राष्ट्रीय सिद्ध संस्था उभी राहिली आणि सिद्धवैद्यकाच्या उच्च शिक्षणाला राष्ट्रीय पातळीवरचे पीठ लाभले. मात्र बापाच्या हाताखाली शिकलेल्या हातांपाशी दाखवायला कागद नाही.

पदवीधर सिद्धवैद्य, भौतिकोपचारतज्ज्ञ, केरळी तैलोपचार करणारे, पुत्तूर पद्धतीने हाड बसवणारे आणि स्पामधील कामगार हे सारे याच महानगरात वावरतात. दुखरी कंबर घेऊन येणाऱ्याला त्यांच्यातला भेद कळणे कठीण. वस्तुतः तो भेद महत्त्वाचा आहे. पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी असताना पोटरी चोळली, तर ती गुठळी सुटून फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. हात कोठे लावू नये, हे जाणणे हाच या विद्येतील कसोटीचा भाग होय. आणि पाटीवरून तो ओळखता येत नाही.

कौशल्याची ही कसोटी बाजूला राहते आणि चर्चा होते ती चारित्र्याची. स्त्रीने पुरुषाचे वा पुरुषाने स्त्रीचे मर्दन केले एवढ्यावरून अनैतिकतेचा निष्कर्ष काढता येत नाही, अशी भूमिका मद्रास उच्च न्यायालयाने २०१४ साली घेतली. डिसेंबर २०२१ मध्ये त्याच न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी स्पा व मसाज केंद्रांत कॅमेरे असावेत असा आदेश दिला. जानेवारी २०२२ मध्ये मदुराई खंडपीठातील दुसऱ्या न्यायमूर्तींनी, अशा कॅमेऱ्यांनी खासगीपणाच्या हक्काचा भंग होतो, असे मत दिले. शोषणाची भीती निराधार नाही, आणि तिची झळ पुष्कळदा तेथे राबणाऱ्या स्त्रियांनाच बसते. परंतु उपचारासाठी उघडे झालेले शरीर यंत्राच्या डोळ्यासमोर आणून विश्वास कसा निर्माण व्हावा?

या वादांत खुद्द हातांकडे क्वचितच लक्ष जाते. वर्षानुवर्षे दाब देऊन अंगठ्याचे सांधे झिजतात, मनगट धरते, वाकून वाकून पाठ जाते. दुसऱ्याची वेदना उतरवणारा आपली वेदना साठवीत असतो, आणि हात थकले की उत्पन्नही थांबते.

शूद्रकाचा संवाहक पुढे द्यूतात बुडतो, वसंतसेना त्याचे ऋण फेडते आणि तो बौद्ध भिक्षू होतो. उद्यानात मृतवत पडलेली वसंतसेना शुद्धीवर येते, तेव्हा तिला उठवण्यासाठी तो हात देत नाही. जवळची वेल वाकवून तिचा आधार घ्यायला सांगतो. स्पर्श हेच ज्याचे जगणे होते, त्याला स्पर्शाची मर्यादाही ठाऊक आहे. नाटकाच्या अखेरीस त्याला साऱ्या विहारांचे कुलपतिपद मिळते. संवाहकाच्या वाट्याला ही प्रतिष्ठा आली खरी. पण ती त्याने संवाहन सोडल्यानंतर.