कोणत्या सालचा किनारा?

दगडाला आपल्या भाषेत फारशी प्रतिष्ठा नाही. ज्याच्या डोक्यात काही शिरत नाही तो दगड. ज्याला दयामाया नाही तो पाषाणहृदयी. आणि जो आपल्याच हाताने आपले नुकसान करून घेतो, तो पायावर धोंडा पाडून घेतो. शेंदूर फासला की त्याच दगडापुढे आपण नारळ फोडतो, हे खरे. पण तो मान शेंदराचा, दगडाचा नव्हे. दगडाला निव्वळ दगड म्हणून मान दिलेला मी पाहिला तो सिडनीच्या बंदरात, एका उद्यानात.

माझी मुलगी त्या शहरात राहते. तिच्याकडे गेलो की संध्याकाळी ती मला बारांगारूच्या टेकडीवर फिरायला नेते. सुमारे सहा हेक्टरांचे हे उद्यान म्हणजे पाण्यात शिरलेले एक भूशिरच. पाण्याच्या कडेने पिवळसर वालुकाश्माचे मोठमोठे चिरे पायऱ्यांसारखे उतरत गेले आहेत. भरतीचे पाणी त्यांच्या फटींतून खेळते, ओहोटीला लहान लहान डबकी मागे ठेवते. वर रानझाडांची दाटी. पाहणाऱ्याला वाटावे, इथे माणसाचा हात कधी लागलाच नाही.

पण आम्ही आमची मोटार ठेवलेली असते ती याच टेकडीच्या पोटात! काही वर्षांपूर्वी इथे टेकडी नव्हतीच. मालाचे कंटेनर रचण्यासाठी भराव घालून केलेला सपाट काँक्रीटचा धक्का होता. बंदराचे काम इथून हलल्यावर पीटर वॉकर या अमेरिकन उद्यानरचनाकाराच्या आराखड्याप्रमाणे टेकडी नव्याने उभी केली आणि ऑगस्ट २०१५ मध्ये उद्यान लोकांना खुले झाले. किनाऱ्याला सुमारे दहा हजार चिरे लागले. ते कुठून आणले, तर कुठूनच नाही! त्याच जागेच्या पोटातून ते कापून काढले आणि कापून जी पोकळी राहिली, ती उपयोगात आणली. सिडनीचा वालुकाश्म आडव्या थरांवर आणि उभ्या भेगांवर फुटतो, म्हणून तिथले मूळचे किनारेही असेच पायऱ्यापायऱ्यांचे असतात. गवंड्यांनी दगडाच्या या स्वभावाला धरूनच चिरे मांडले.

मातीचीही तीच कथा. फुटका वालुकाश्म दळून त्यात कंपोस्ट मिसळले आणि झाडांसाठी माती तयार केली. पंचाहत्तर हजारांवर झाडेझुडपे त्या मातीत लावली. शेणखत घालावे तितके थोडे, अशा समजुतीत मी वाढलेला. पण बँक्सियासारख्या तिथल्या झाडांना कसदार माती मानवत नाही. फॉस्फरस जास्त झाला तर ती मरतात. उपाशी मातीतच ज्यांचे पोट भरते, अशी झाडे! त्यांना त्यांच्याच दगडाची माती हवी.

कोकणातल्या माणसाला यात नवल वाटू नये. आमचे घर जांभ्याचे. आजोबांनी आमच्याच वाडीच्या सड्यावर खाण पाडून चिरे काढले. जांभा जमिनीत असतो तोवर मऊ, कुऱ्हाडीने तासता येतो. वारा लागला की घट्ट होत जातो. घर उभे राहिले आणि सड्यावर खड्डा राहिला. त्यात पावसाचे पाणी साठे आणि आम्ही मुले त्यात पोहत असू. ते घर आता बंद असते. ते विकून टाकून इथेच राहायला या, असे मुलीने मला त्या टेकडीवरच सुचवले होते.

मी उत्तर दिले नाही. माझे लक्ष एका आकड्यावर होते. हा किनारा आखताना १८३६ सालच्या किनारपट्टीचा आधार घेतला, असे सांगतात. १८३६च का? गोऱ्यांचे पहिले गलबत या बंदरात लागले ते १७८८ साली. जिचे नाव या जागेला दिले, ती कॅमरेगल जमातीची कोळीण बारांगारू १७९१ साली वारली. म्हणजे हा किनारा तिच्या काळचा नव्हे. शेजारच्या रस्त्याला लोक ‘भुकेला मैल’ म्हणत. मंदीच्या वर्षांत गोदी कामगार काम मागत एका धक्क्यावरून दुसऱ्या धक्क्यावर तिथून पायपीट करीत. त्यांचाही हा किनारा नव्हे. त्यांच्या पायाखाली लाकूड नि काँक्रीट होते. एक साल धरले की बाकीची माणसे गळतात. पण साल धरल्याशिवाय पहिला चिरा बसवायचा कुठे?

आमचे घर पूर्वीसारखे करून देतो असे कुणी म्हणाले, तर मी कोणते साल सांगेन? ओटीवर आजोबा सुपारी कातरीत बसत, ते साल घेतले तर त्यात माझी पत्नी नाही. ती अंगणात वाल निवडीत बसे, ते साल घेतले तर आजोबा नाहीत. मुलगी परकर सावरीत खाणीच्या पाण्याकडे धावे, ते घेतले तर आई अंथरुणाला खिळलेली. सगळी माणसे एकदम घरात आहेत, असे चित्र माझ्या डोळ्यांपुढे हमखास येते; पण ते साल कोणत्याच पंचांगात सापडत नाही.

हे मी मुलीला परतताना मोटारीत सांगितले. ती बराच वेळ गाडी चालवीत राहिली. मग म्हणाली, “बाबा, पश्चिमेची भिंत पडलीय ना? तिचे चिरे आहेत का अजून तिथे?”

“आहेत. गवतात पडलेत.”

“मग विकायचं राहू दे. तेवढी भिंत आधी उभी करून घेऊ.”

आता पाऊस सरला आहे. गवंडी दिवाळीनंतर येतो म्हणाला आहे. चिरे मोजून ठेवले. सत्तावीस कमी पडतात. तेवढे सड्यावरच्या जुन्या खाणीत निघतील, असे त्याचे म्हणणे आहे.