डोळ्यांवर डबा

नोव्हेंबर २००४ मध्ये ‘हाफ-लाइफ २’ हा गेम आला तेव्हा अस्मादिक लीड्सला एमएस्सी करत होते. स्वतःचा कॉम्प्युटर घेण्याची ऐपत नव्हती. रूममेट झोपला की त्याच्या मशीनवर पहाटे तीनपर्यंत खेळायचो. पुढे नोकरी, लग्न, मॉर्गेज, आणि गेम सुटला तो सुटलाच.

गेल्या उन्हाळ्यात चिरंजीवांची ए-लेव्हल संपली. घरात जानेवारीपासून शीतयुद्ध होते. त्याला साउंड डिझाइन शिकायचे होते आणि मी एकदा जेवताना म्हणून गेलो होतो, “तो छंद झाला, पोटापाण्याचं काय?” तेव्हापासून आमचे बोलणे मीठ दे, वायफाय गेलंय, एवढ्यावर आले होते.

एका शनिवारी त्याने आपला सेकंडहँड क्वेस्ट २ माझ्या हातात ठेवला. “बाबा, तुमचा जुना गेम आता आतून बघता येतो.”

मंडळी, मॉड म्हणजे काय, तर विकत आणलेल्या सदऱ्याला आईने घरी खिसा लावून द्यावा तसे. मूळ कंपनीने न शिवलेला खिसा हौशी लोक लावतात, बहुधा फुकट. ‘हाफ-लाइफ २’चा व्हीआर मॉड अशाच हौशी मंडळींनी सप्टेंबर २०२२ मध्ये स्टीमवर आणला. मूळ गेम तुमच्याकडे असला की झाले.

वीस वर्षे आयटीत काढल्यामुळे मी मॅन्युअल न वाचता सुरुवात केली. चित्र अडखळत होते. चिरंजीवांनी कॉम्प्युटर राउटरला केबलने जोडला, हेडसेट ५ गिगाहर्ट्झच्या वायफायवर टाकला, भिंगांमधले अंतर माझ्या डोळ्यांप्रमाणे सरकवले आणि चष्म्यासाठी डब्यातली प्लॅस्टिकची कड बसवली. पाच मिनिटांत चित्र स्वच्छ! क्लायंटकडे याच कामाचे मी दोन दिवस लावले असते.

सुरुवातीला स्टेशनवरचा शिपाई डबा खाली पाडून उचलायला सांगतो. २००४ मध्ये मी बटण दाबले होते. या वेळी चक्क वाकलो, हाताने उचलला आणि नेम धरून त्यालाच मारला. त्या भरात दिवाणखान्यातला लँपशेड गेला. (सौ.चे मत इथे छापता येणार नाही.) पुढे होडीच्या प्रसंगात पोटात ढवळले. डोळे म्हणतात आपण धावतोय, कानातला तोल म्हणतो बसलोय, आणि भांडण पोटात जाते. नवख्याने पंधरा मिनिटांपेक्षा जास्त खेळू नये, वळताना एकदम टप्प्याने वळण्याची सोय चालू ठेवावी, समोर पंखा लावावा. आमच्याकडे आलेपाकाची वडीही होती.

पण मला सांगायचेय ते ‘एलियन: आयसोलेशन’बद्दल. हा गेम २०१४ चा, आपल्या वेस्ट ससेक्समधल्या हॉरशॅमच्या क्रिएटिव्ह असेंब्लीचा. त्यांनी त्या वर्षी ई३ प्रदर्शनात त्याचा व्हीआर नमुना दाखवला होता, पण विक्रीच्या गेममध्ये ती सोय अधिकृतपणे दिली नाही. तिचे अवशेष मात्र आत राहिले होते. २०१७ मध्ये निब्रे या टोपणनावाच्या गृहस्थाने ‘मदरव्हीआर’ हा मॉड काढला. एक छोटी डीएलएल फाईल गेमच्या फोल्डरमध्ये टाकायची, बस्स.

गेमवर १८+ चा शिक्का आहे. चिरंजीव नुकतेच अठराचे झालेले, तेव्हा कायदेशीर अडचण नव्हती. अडचण माझ्या हृदयाची होती. अंधारी अंतराळ-वसाहत, मी टेबलाखाली, आणि तो प्राणी कुठेतरी छताच्या नळकांड्यात.

“बाबा, डोळे मिटा,” मागून आवाज आला. “कुठे आहे तो?”

मी ऐकले. खरखर, मग धप्प, मग काहीच नाही. डोके वळवले तरी आवाज आपल्या जागी राहिला, आता उजव्या कानात कमी, डाव्यात जास्त. मी बोट दाखवले.

“बरोबर. आता किती लांब?”

“दोन खोल्या?”

“हे कोणीतरी बसून ठरवलंय, बाबा. हेच काम.”

या गेमला २०१५ मध्ये ध्वनीसाठी बाफ्टा मिळाले, हे मला नंतर कळले. त्या वेळी फक्त एवढे कळले की मी मिटल्या डोळ्यांनी एक अख्खी इमारत पाहतो आहे. मग डोळे उघडले, समोर शेपूट दिसली आणि “आई गं!” अशी किंकाळी शेजारच्या घरापर्यंत गेली. चिरंजीव कार्पेटवर लोळून हसत होते. पाच महिन्यांनी.

सप्टेंबरात त्याला सोडून आलो. हेडसेट त्याने मुद्दाम ठेवला. परवा मॉड चालेना म्हणून फोन केला. “फाईल चुकीच्या फोल्डरमध्ये टाकली असेल तुम्ही,” म्हणाला, आणि तसेच निघाले. त्याच्या खोलीत मागे पाऊस जोरात वाजत होता. खिडकी लाव म्हटले.

“पाऊस नाहीये, बाबा. ओव्हनच्या ट्रेवर तांदूळ ओततोय. असाइनमेंट आहे.”

“कुठला तांदूळ?”

“आईने दिलेला, आंबेमोहोर.”

सौ.ला अजून सांगितलेले नाही.