चारशे शेकेलची जागा

शेजारच्या आजींच्या आणि आमच्या परसात एकच गडगा. आजी बेने इस्रायल. अलिबागकडच्या जुन्या माणसांच्या तोंडी 'शनवार तेली'. शनिवारी त्यांचे घाणे बंद असत, म्हणून हे नाव पडले. ज्यू लोकांचा मूळपुरुष अब्राहाम मला प्रथम भेटला तो या आजींच्या ओटीवर.

आजी त्याला 'अब्राहाम बाबा' म्हणत आणि तो चौलचाच कोणी असावा अशा थाटात गोष्ट सांगत. इराकातल्या ऊर गावचा हा माणूस. देवाने सांगितले, घरदार सोड, दाखवीन त्या देशात जा. हा तंबू उचलून निघाला! त्याचा मुलगा इसहाक, नातू याकोब. याकोबाचेच दुसरे नाव इस्रायल. त्याच्या बारा मुलांपासून बारा वंश झाले. त्यांतल्या यहूदावरून 'यहूदी' शब्द आला. फळ्यावर ही वंशावळ दोन मिनिटांत मांडून होते.

आजींचा जीव मात्र एका खरेदीखतात अडकलेला. देवाने अब्राहामाला सगळा कनान देश देऊ केला होता. पण हेब्रोनला सारा वारली तेव्हा तिला पुरायला त्याच्यापाशी हातभर जमीन नव्हती. उपरा माणूस! तो गावकऱ्यांपुढे वाकला. गुहेचा मालक एफ्रोन म्हणाला, फुकटच घ्या की! आणि मग हळूच म्हणाला, तुमच्याआमच्यात चारशे शेकेल चांदीचे ते काय? इथे आजी हटकून हसत. "मास्तर, आपल्याकडचे खोत निराळे का बोलत?" अब्राहामाने घासाघीस केली नाही. चारचौघांसमक्ष चांदी तोलून दिली. गुहा, शेत, शेतातली झाडेसुद्धा व्यवहारात धरली. पुढे तो स्वतः, इसहाक, रिबका, लेआ त्याच गुहेत गेली. याकोब इजिप्तमध्ये वारला, तर मुलांनी त्याचे प्रेत तिथवर आणले. राहेल तेवढी बिचारी वाटेवर राहिली.

अब्राहामाचा पुरावा उत्खननात मिळालेला नाही. इस्रायल लोकांचा सर्वांत जुना खात्रीलायक उल्लेख आहे तो मेर्नेप्ताह या इजिप्तच्या राजाच्या शिलालेखात, इसवी सनापूर्वी सुमारे १२०८ मधला. तो १८९६ साली थीब्सला सापडला. त्यात राजाने फुशारकी मारली आहे, की या लोकांचे बीजही उरले नाही. मी मास्तरकीच्या तोऱ्यात हे आजींना ऐकवले.

"मग मी कोण?" आजी म्हणाल्या.

त्यांच्या समाजाची कोकणातली कथाही थडग्यांपासूनच सुरू होते. नवगावच्या किनाऱ्याशी गलबत फुटले, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, वाहून आलेली प्रेते त्यांनी तिथेच पुरली, असे ते सांगतात.

दोन वर्षांपूर्वी आजी मुलाकडे इस्रायलला गेल्या. निघण्याआधी मला आजोबांच्या कबरीपाशी घेऊन गेल्या. "तिकडे सगळा देशच आपला म्हणतात. पण माझी चार हात जागा इथे, ह्यांच्या शेजारी. कोणी बांध सरकवून ती खाऊ नये, एवढे बघा, मास्तर."

मी हो म्हटले आणि शाळा, तपासायचे पेपर, अर्धवट कादंबरी यांत विसरलो.

परवा त्यांचा फोन आला. दिवाळीची विचारपूस झाल्यावर पहिला प्रश्न तोच. "सगळे ठीक आहे," मी बेधडक सांगितले. दुसऱ्या दिवशी जाऊन पाहतो तो कबरस्तानाचा गडगा पावसात ढासळलेला, आत कोणाची गुरे चरताहेत. गडी बोलावला. तिन्हीसांजेपर्यंत आम्ही दोघे दगड रचीत होतो. निघताना, आजी ठेवीत तसा एक खडा मी आजोबांच्या कबरीवर ठेवला.