तापाचे आडनाव

२०१७ च्या मार्च महिन्यात, ऐन काजूच्या हंगामात, तुये येथील आमच्या जुन्या घरी काकींना ताप भरला. अंग ठणकत होते, डोळे उघडून उजेडाकडे पाहवत नव्हते. एरवी अशा तापाला आम्ही दोन दिवस काढा आणि पेज देऊन वाट पाहिली असती. परंतु त्या वर्षी हवेतच एक नाव होते. पत्रादेवीचा नाका ओलांडला की लागणाऱ्या बांद्याच्या परिसरात माकडतापाचे रुग्ण सापडत होते. त्याआधीच्या वर्षी तो दोडामार्ग तालुक्यात होता, आणि २०१५ मध्ये आमच्याच गोव्यात, सत्तरीतील पाली गावात, त्याने माणसे नेली होती. काकी तर चारच दिवसांपूर्वी डोंगरावर बोंडे वेचून आलेल्या. रक्त तपासणीला गेले, आणि निकाल येण्यापूर्वीच गावाने आपला निकाल देऊन टाकला. काजू वेचणाऱ्या बाया येईनाशा झाल्या, शेजारच्या ओसरीवरून होणारी विचारपूस फाटकापाशीच थांबू लागली, आणि वाड्यावरील मुले फटाके घेऊन माकडांच्या मागे लागली.

निकाल आला तो डेंग्यूचा. घराने सुस्कारा सोडला. सूक्ष्मजीवशास्त्र शिकणाऱ्या आमच्या पुतण्याने मात्र त्यात मीठ घातले. "आजी, डेंग्यू काय आणि माकडताप काय, दोघांचे विषाणू एकाच कुळातले." काकी अंथरुणावरूनच म्हणाल्या, "मग त्यांच्यात सोयरीक होत नसेल!"

आमच्या घरात एक कुळवृत्तांत आहे. पूर्वज कोठून निघाले, कोणत्या गावी राहिल्यावर कोणते आडनाव लागले, कोणती शाखा चुकून दुसऱ्या घराण्याच्या पानावर गेली होती, हे सारे त्यात आहे; आणि दर पिढीत कोणीतरी त्यात खाडाखोड करतेच. पुतण्याने सांगितलेली विषाणूंची कुळकथा ऐकताना आम्हांस तेच बाड आठवत राहिले.

कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात क्यासनूर नावाचे अरण्य आहे. १९५७ साली तेथे वानरे आणि माकडे मरून पडू लागली, मागोमाग माणसेही तापाने आजारली. अरण्यात माकडे मरतात हे लक्षण आफ्रिका-अमेरिकेतील पीतज्वराचे, आणि पीतज्वर तर भारतात कधीच नव्हता; तेव्हा तोच आला की काय, ही पहिली धास्ती. पुण्याचे विषाणू संशोधन केंद्र १९५२ साली स्थापन झालेले. आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था ती हीच. तेथील शास्त्रज्ञांनी विषाणू वेगळा काढला, तेव्हा तो पीतज्वराचा नव्हता. त्याचे जवळचे नाते निघाले ते थेट रशियाच्या अरण्यांत गोचिडींतून पसरणाऱ्या मेंदूज्वराशी. नव्या विषाणूस त्या अरण्याचे नाव मिळाले.

त्या काळी विषाणूंची नाती रक्तद्रवाच्या कसोटीवर ठरत. एकाच्या विरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे दुसऱ्यालाही ओळखतात का, एवढेच पाहायचे. त्या कसोटीने कीटक-गोचिडींतून पसरणाऱ्या विषाणूंचे गट पाडले, आणि क्यासनूर, डेंग्यू, पीतज्वर हे तिघेही 'ब' गटात बसले. पुढे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली रूप दिसू लागले. अंगावर स्निग्ध आवरण दिसले म्हणून रोमन लोकांच्या 'टोगा' या वस्त्रावरून नाव पडलेल्या कुळात हा गट गेला. आतील जनुकांची मांडणी कळली तेव्हा ते नातेही वरवरचे ठरले, आणि १९८४ मध्ये त्यांचे स्वतंत्र कुळ झाले. त्या कुळाचे नाव लॅटिनमधील 'फ्लेवस', म्हणजे पिवळा, या शब्दावरून आले आहे. कुळाचा मूळपुरुष मानला गेला तो पीतज्वराचाच विषाणू! १९५७ ची ती धास्ती चुकीची होती खरी, पण चूक घराण्याबाहेर गेली नव्हती.

हे बाड सांभाळणारी आंतरराष्ट्रीय समिती १९६६ साली मॉस्को येथे स्थापन झाली. तिच्या १९७१ च्या पहिल्या अहवालात तीनशेहून कमी विषाणू होते; आज नोंदलेल्या जाती चौदा हजारांवर आहेत. त्यांतील कित्येक विषाणू कोणी डोळ्यांनी पाहिलेलेही नाहीत, केवळ जनुकांची अक्षरे वाचून नोंदले गेले. २०२१ मध्ये समितीने नियम केला की प्रत्येक जातीचे नाव दोन पदांचे असावे, आधी प्रजाती आणि मग जाती. त्यानुसार माकडतापाची जात 'ऑर्थोफ्लेविव्हायरस क्यासनूरेन्से' झाली आणि डेंग्यूची 'ऑर्थोफ्लेविव्हायरस डेंग्यूई'. आधी कुळाची ओळख, मग स्वतःचे नाव, ही रीत आमच्या काकींस पटली. विषाणूचे रोजचे नाव मात्र पूर्वीचेच राहते. आमच्या गावालाही देवनागरीत तुये म्हणतात आणि रोमी अक्षरांत पोर्तुगीज वळणाचा एक 'म' शेवटी चिकटतो. त्याने गाव हलत नाही.

लोकांनी दिलेल्या नावांची गत याहून अवघड. माकडताप या शब्दात गोचिडीचा मागमूसही नाही. माकड स्वतः त्या तापाने मरते. ते मेले की अंगावरच्या गोचिडी उतरून पाचोळ्यात पसरतात. मेलेले माकड हा डोंगरावर न जाण्याचा इशारा आहे, आणि आम्ही जिवंत माकडांवर फटाके फोडत होतो. माणसाकडून माणसाला तर तो ताप लागतच नाही. मग फाटकापाशी थांबलेल्या शेजाऱ्यांना काय म्हणावे? देवी आणि कांजिण्या या बहिणी समजल्या गेल्या, त्यांचे विषाणू परस्परांचे कोणीच नव्हेत. नागीण आणि कांजिण्या यांची नावे दूरची, आणि विषाणू मात्र एकच.

जुलै २०२४ मध्ये गुजरातेत मुलांना मेंदूज्वर झाला, आणि दूरचित्रवाणीवर दिवसभर 'चांदीपुरा' हा शब्द वाजू लागला. काकींनी विचारले, "हे गाव कुठले?" आम्ही सांगितले, नागपूरजवळचे. १९६५ साली तेथील तापाच्या दोन रुग्णांच्या रक्तात पुण्याच्या केंद्राला हा विषाणू प्रथम सापडला. कूळ रेबीजच्या विषाणूचे, नेणारी वालुमाशी. २००३ मध्ये आंध्रात आणि महाराष्ट्रात मुले दगावेपर्यंत त्याला कोणी फारसे मोजत नव्हते. नव्या आजारास गावाचे, माणसाचे वा प्राण्याचे नाव देऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितले. जुनी नावे राहिली आहेत.

"आणि आता त्या गावात आहे कोणी आजारी?"

गुजरातेतल्या बातम्यांत तरी त्या गावाचे काही नव्हते.

काकी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "माझ्या रक्तात त्या वर्षी काही नवेच निघाले असते, तर त्याला तुयेकर म्हटले असते ना रे?" पुतण्याने मान डोलावली, आणि २०१५ चा नियम होता हे त्याला आठवायच्या आत त्या उठून आत गेल्या.