हरवलेले शंभर रुपये

ज्याचे पैसे कधीच हरवले नाहीत असा माणूस गावात शोधून सापडायचा नाही. कुणाचे बाजारात पडतात, कुणाचे एसटीत, तर कुणाचे वैशाखात अमळनेरला सखाराम महाराजांच्या यात्रेत, बोरी नदीच्या पात्रातल्या गर्दीत. मोठ्या माणसाचे हरवले तर तो हळहळतो आणि कामाला लागतो. लहान मुलाचे हरवले तर आधी पाठीत धपाटा बसतो. म्हणून मी आमच्या घरची हकीकत लिहीत आहे. माझा भाऊ याच शाळेत तिसरीत आहे. त्याला विचारूनच लिहिते.

कापूस वेचणीचे दिवस होते. आईने भावाला तेल आणायला शंभराची नोट दिली. दुकानात जाऊन बघतो तर खिसा रिकामा! तो मार बसेल म्हणून घरी आलाच नाही. दिवेलागण झाली तरी पत्ता नाही. आई वेचणीवरून दमून आलेली, ती तशीच अनवाणी विहिरीकडे धावली. तिच्या मनात काय आले असेल ते मोठ्यांना सांगायला नको. शेवटी तो कडब्याच्या गंजीमागे बसलेला सापडला. रडून रडून डोळे सुजले होते.

बाबांनी हात उगारला, तेवढ्यात आजी मध्ये पडली. ती म्हणाली, "पैसा गया ते गया, पोऱ्या तं घर उना ना!" मग तिने त्याला आधी जेवू घातले. शेजारच्या एक काकू म्हणाल्या, "हरवले कसले, खाऊ खाल्ला असेल." आजीने त्यांना तिथेच थांबवले. "तो हरवले म्हणतो ना, मग हरवले. उगाच लेकराला चोर म्हणू नका."

जेवण झाल्यावर आजीने हळूहळू विचारले. नोट कुठे ठेवली होती? वाटेत कुठे थांबलास? शेवटची कधी हाताला लागली? त्याला आठवले, हापशीजवळ तो गोट्या बघत उभा होता. बाबा आणि मी बॅटरी घेऊन त्याच्याबरोबर गेलो. नोट मिळाली नाही. पण परत आल्यावर आजीने त्याचा खिसा उलटा केला, तर त्याला बोटभर भोक! आईला शिवायला सवडच झाली नव्हती. म्हणजे मारून काय उपयोग होता? भोक तर तसेच राहिले असते. आजीने जुन्या लुगड्याची चंची शिवून त्याच्या गळ्यात अडकवली.

शंभर रुपये गेले ते मात्र घरात जाणवले. त्या आठवड्यात वरणाला फोडणी नव्हती. रविवारी भाऊ आईबरोबर पाण्याची कळशी घेऊन शेतात गेला. संध्याकाळी काट्यावर कापूस मोजला. किलोला दहा रुपये मजुरी. आई म्हणाली, "बघ, शंभर रुपये म्हणजे एवढा ढीग." ती रागावून बोलली नाही, नुसते दाखवले. तो ढीग बघून भाऊ गप्प झाला.

दुसऱ्याच दिवशी आजीने त्याला पुन्हा दुकानात पाठवले, वीस रुपये देऊन. मला ही गोष्ट फार आवडली. एकदा पैसे हरवले म्हणून त्याच्यावरचा विश्वास काढून घेतला असता, तर तो शिकला कसा असता? तो दुकानातून आला, उरलेले पैसे मोजून दिले आणि मगच खेळायला गेला.

पैसे मोठ्यांचेही जातात. आजोबांनी कापूस विकून आलेले पैसे एका पतसंस्थेत ठेवले होते. जादा व्याज मिळेल असे सांगितले होते. ती संस्था बुडाली. आपल्या जळगाव जिल्ह्यात अशा कितीतरी लोकांच्या ठेवी अडकल्या. आजोबांनी हे भावाला स्वतः सांगितले. गुरुजींनी आम्हाला समजावले की बँकेतील ठेवीला विमा असतो. २०२० पासून तो एका ठेवीदाराला एका बँकेत पाच लाख रुपयांपर्यंत आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला तो विमा नाही. म्हणून जादा व्याज कुणी दाखवले, की आधी विचारपूस करावी.

गुरुजी म्हणतात, त्यांच्या लहानपणी शाळेत संचयिका असायची. मुले चार-आठ आणे जमा करत आणि वहीत हिशेब मुलेच लिहीत. आता आमच्या वर्गातही एक वही केली आहे. सहलीचे पैसे आणले की त्यात लिहायचे आणि लगेच गुरुजींकडे द्यायचे. शिवाय खिडकीत एक डबा ठेवला आहे. सापडलेले पैसे त्यात टाकायचे. मागच्या महिन्यात त्यात दहा रुपये आले आणि ज्या मुलीचे होते तिला मिळाले. टाकणाऱ्याचे नाव फळ्यावर लिहिले होते.

तेव्हा मित्रांनो, पैसे हरवले तर लपून बसू नका, सरळ घरी जा आणि खरे सांगा. जितके लवकर सांगाल तितके सापडण्याची आशा जास्त. आणि भित्तिपत्रक वाचायला आलेल्या पालकांनो, तुम्हाला एवढीच विनंती. मुलगा रिकाम्या हाताने दारात उभा राहिला, तर आधी त्याला घरात घ्या. नंतर त्याचा खिसा बघा. रागवायचे असेल तर सगळ्यात शेवटी रागवा.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता सातवी